अर्ध्या इंजिनावर ११ किलोमीटर

टेकडीवरचा

गेल्या रविवारी पुण्यात एआरएआयच्या टेकडीवर आमच्या नेहमीच्या टोळक्यात विषय निघाला, हवेत इंजिन बंद पडलं तर काय. मी म्हणालो, बंद पडलं तर एक वेळ सोपं असतं, अर्धं चालू राहिलं की खरी पंचाईत. कोणालाच पटलं नाही. चहा संपला, वाद संपला नाही, म्हणून इथे फोरमवर लिहितोय. लांबण लागणार आहे, घाईत असाल तर नंतर वाचा.

मी कोथरूडचा. मध्ये ११ वर्षं नोकरीपायी अमेरिकेत, विस्कॉन्सिनला होतो. तिथे माझा एक मित्र (आपलाच, मिरजेकडचा) घराच्या गॅरेजमध्ये विमान बांधत होता. किट आणून, दोन सीटचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं. सात वर्षं लागली. माझं काम म्हणजे तो रिव्हेट मारत असताना आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, आणि वहिनींची समजूत काढायची. दुसरं काम जास्त कठीण होतं.

तिकडे अशा विमानाला 'एक्सपेरिमेंटल' वर्गात परवानगी मिळते. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असावं लागतं. इंजिन विमानासाठी प्रमाणित नसेल तर सुरुवातीला साधारण ४० तास चाचणी उड्डाणं करायची, तेवढ्या काळात प्रवासी घ्यायचा नाही. आमचं इंजिन प्रमाणित नव्हतंच. ते मोटारीचं होतं: मझदाचं १३बी, आरएक्स-७ मधलं, वँकेल जातीचं रोटरी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. दोन फुगीर त्रिकोणी रोटर आपापल्या घरात गरगरतात, बस्स. सगळं मिळून १.३ लिटर. तेवढ्यातून दीडशेच्या वर हॉर्सपॉवर निघते. विमानातलं नेहमीचं त्याच ताकदीचं चार सिलिंडरचं लायकमिंग ५.२ लिटरचं असतं, म्हणजे बघा. पण लायकमिंग २७०० आरपीएमवर पंखा थेट फिरवतं. रोटरीला ताकद दाखवायला साडेपाच-सहा हजार आरपीएम लागतात आणि पंख्याला तेवढा वेग चालत नाही, म्हणून मध्ये २.८५ ला १ असा गिअरबॉक्स.

हे चाचणीचे तास संपल्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी आम्ही दोघं साडेपाच हजार फुटांवर होतो. खाली जमीन समुद्रसपाटीपासून नऊशे फूट, म्हणजे हातात ४६०० फूट. इंजिन ५४०० वर, पंखा १९०० च्या आसपास. मी मक्याची शेतं बघत होतो. एकदम विमानाला हलकासा धक्का बसला, ब्रेकवरून पाय सटकावा तसा, आणि अंगाखाली थरथर सुरू झाली. आवाज बदलला. बंद नाही पडला, बदलला. स्कूटर मिसिंग मारायला लागते ना, तसा. आरपीएम ४१०० वर आलं आणि तिथेच राहिलं.

मित्राने पहिली गोष्ट केली ती म्हणजे इंजिनाकडे बघितलंच नाही. नाक सावरलं, वेग ८५ नॉटवर (ताशी साधारण १५७ किलोमीटर) आणला, आणि विमान डावीकडे वळवलं. मी विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "माहीत नाही. तू फक्त उंची वाच. मोठ्याने."

आता गंमत इथे आहे. उजवीकडे २६ किलोमीटरवर चांगला विमानतळ होता. डांबरी धावपट्टी, मेकॅनिक, फायर इंजिन, सगळं. डावीकडे ११ किलोमीटरवर शेतांच्या मधोमध गवताची पट्टी, जेमतेम ७०० मीटर. अर्ध्या इंजिनावर आम्ही मिनिटाला दोनशे फूट खाली येत होतो. ८५ नॉटने २६ किलोमीटरला दहा मिनिटं, म्हणजे दोन हजार फूट जाणार. हातात ४६००. गणित आरामात जमत होतं! मी इंजिनिअर माणूस, मी ते मनात केलं आणि म्हणालो, "अरे, मोठ्या विमानतळावर पोचू की."

तो म्हणाला, "हे इंजिन असंच राहील असं धरून पोचू. इंजिन नाही असं धर, मग सांग."

इंजिन नाही असं धरलं तर आमचं विमान एक फूट खाली येताना दहा फूट पुढे जायचं. ४६०० फूट म्हणजे १४०० मीटर, म्हणजे वारा नसताना फार तर १४ किलोमीटर. ११ बसतात. २६ बसत नाहीत.

गवताची पट्टी काचेत नीट दिसायला लागल्यावरच त्याने हात खटक्यांकडे नेला. दुसरा फ्युएल पंप चालू. टाकी बदलली. मिश्रणात पेट्रोल जरा वाढवलं. इंजिन कंट्रोलर (पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा कॉम्प्युटर) ए वरून बी वर. काही फरक पडला नाही. दोन रोटरच्या एक्सॉस्टचे दोन तापमापक होते, पहिल्याचा आकडा जागेवर आणि दुसऱ्याचा केव्हाच तीनशेच्या खाली गेलेला. म्हणजे दुसरा रोटर थंड, नुसता हवा ढवळत होता. रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा पुकारा दिला, ट्रान्सपाँडरवर ७७०० हा रडारवर दिसणारा आणीबाणीचा आकडा लावला. हे सगळं करताना आवाज असा की जणू रिक्षावाल्याला पत्ता सांगतोय.

चार-पाच मिनिटांत पट्टीच्या डोक्यावर पोचलो तेव्हा जवळजवळ पावणेचार हजार फूट शिल्लक होते. तिथेच गोल गोल फिरत उतरलो. शेवटच्या वळणात, हजार फुटांवर, त्याने थ्रॉटल मागे ओढला.

इंजिन बंद पडलं. पंखा दोन गचके देऊन आडवा थांबला. एका रोटरवर हे इंजिन थ्रॉटल दिलेला असला की चालतं, पण आयडलला, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मागे असताना, तग धरत नाही. दुसऱ्या मेलेल्या रोटरला ओढायची ताकदच उरत नाही त्या वेगाला. हे आम्हाला त्या क्षणी कळलं. थांबलेला पंखा समोर बघणं म्हणजे काय हे शब्दांत सांगता येत नाही, फार शांत वाटतं आणि ते आवडत नाही. आम्ही मुद्दाम उंच होतो, त्याने विमान तिरकं घसरवत उंची घालवली आणि पट्टीच्या दोन तृतीयांशात थांबलो.

काय तुटलं होतं ते उद्या लिहितो. तोवर अंदाज करा.

एक ते चार बंद

१३बी वाचून आधी वाटलं पुण्याच्या पीएमपीएमएलच्या बसबद्दल आहे. तीही अर्ध्या इंजिनावरच चालते.

बाकी लेख झकास. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अर्धवट ज्ञानी

रोटरी इंजिन पहिल्या महायुद्धात विमानांना होतंच की. त्यात अख्खं इंजिन पंख्याबरोबर फिरायचं. मग हे 'मोटारीचं' कसं?

टेकडीवरचा

नाव एक, प्रकार दोन. महायुद्धातल्या नोम, ल रोन वगैरे रोटरींना सिलिंडर-पिस्टन होते. क्रँक जागेवर पक्का आणि सिलिंडरांचं चक्र गरगर फिरायचं. वंगणाला एरंडेल वापरायचे, ते न जळता बाहेर उडायचं आणि पायलटच्या नाकातोंडात जायचं. पोटावर काय परिणाम व्हायचा ते लहानपणी आजीने पाजलंय त्यांना सांगायला नको.

वँकेल वेगळं. फेलिक्स वँकेलचं पहिलं इंजिन १९५७ साली एनएसयू या जर्मन कंपनीत फिरलं. मझदाने १९६७ पासून ते मोटारीत घातलं आणि १९९१ ला चार रोटरच्या ७८७बी ने ल मॉन्स जिंकलं. विमानात हौशी लोकांनी नेलं. काही मोटर-ग्लायडरमध्ये मात्र छोटं वँकेल कारखान्यातूनच बसवलेलं येतं.

लेथवाला भोसरी

माझा अंदाज अपेक्स सील. त्रिकोणाच्या टोकाला बसतं ते. पेट्रोल खराब किंवा मिश्रण पातळ असलं की डिटोनेशन होतं, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम भडकतं, आणि सील तडकतं. सील गेलं की त्या रोटरचं कॉम्प्रेशन गेलं, दुसरा चालू. तुमच्या लक्षणांशी जुळतंय.

सार्जंट निवृत्त

लोहगावला आणि इतरत्र २० वर्षं इंजिनांवर काम केलंय, पायलट नाही. दोन शंका.

एक, मित्राने ए वरून बी कंट्रोलरवर का नेलं? चालतंय त्याला हात लावू नये. बी वर उरलेला रोटरही गेला असता तर?

दोन, मला तुमचा गवताचा निर्णय पटलेला नाही. ७०० मीटर पट्टी, बघायला कोणी नाही, आग लागली तर विझवायला कोणी नाही. तुम्हाला दहा मिनिटांचं गणित जमत होतं. अर्ध्या वाटेवर इंजिन गेलंच असतं तर शेतं होतीच की. मका तर होता.

टेकडीवरचा

पहिल्या शंकेचं उत्तर त्याच्याकडूनच नंतर ऐकलंय. म्हणूनच त्याने खटक्यांना हात उशिरा लावला. पट्टी पदरात पडल्यावर. तिथून इंजिन पूर्ण गेलं असतं तरी पोचणारच होतो, मग प्रयोग करायला हरकत नव्हती. तोच प्रयोग पहिल्या मिनिटाला केला असता तर तो जुगार होता.

दुसऱ्या शंकेबद्दल मला आजही खात्रीने बोलता येत नाही. पण थ्रॉटल ओढल्यावर काय झालं ते लक्षात घ्या. मोठ्या विमानतळावर आम्ही नेहमीसारखे लांबून, सपाट, इंजिनाच्या भरवशावर उतरायला गेलो असतो. आणि तो थ्रॉटल पट्टीच्या अलीकडे, चारशे फुटांवर मागे आला असता. शिवाय उंच वाढलेला मका वरून मऊ दिसतो, ६५ नॉटने आत गेल्यावर मऊ नसतो.

कोरडी भेळ

कॉलेजात असताना हडपसरला ग्लायडिंग केलंय, म्हणून वाचताना अंगावर काटा आला. तिथे विंचच्या दोरीने वर ओढायचे. नाक जवळजवळ आभाळाकडे असतं, आणि दोरी मध्येच तुटू शकते. आमच्या इन्स्ट्रक्टरांनी पहिल्या आठवड्यात हेच डोक्यात बसवलं होतं: दोरी तुटली की आधी नाक खाली. वेग येईपर्यंत दुसरा विचारच करायचा नाही. वेग आला की मग बघायचं, समोर उतरायला जागा आहे की वळसा घेण्याइतकी उंची आहे. दोरी का तुटली हा प्रश्न चहाच्या वेळी.

एकदा सरांनी न सांगता दोरी सोडली. मी नाक खाली घातलं आणि लगेच मागे वळून बघत विचारलं, "सर, दोरी तुटली का?" सर म्हणाले, "तुटली असेल तर जोडणारेस का आता?"

मला एक समजलं नाही. रोटरी इंजिन म्हणजे वरखाली काही नाही, सगळं गोल फिरतं, त्यामुळे अगदी गुळगुळीत चालतं असं वाचलंय. मग असं तुटण्यासारखं काय होतं? माझा अंदाज वायर. पण गुळगुळीत इंजिनात वायर का तुटावी?

टेकडीवरचा

कोरडी भेळ यांना पूर्ण मार्क!

इंजिनाच्या आत काहीही झालं नव्हतं. दुसऱ्या रोटरच्या इंजेक्टरांना (आत पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांना) १२ व्होल्ट पोचवणारी एकच वायर, कनेक्टरपासून पाच-सहा मिलिमीटरवर तुटली होती. आतल्या तारा तुटलेल्या, वरचं प्लास्टिक अखंड. बाहेरून बघितलं तर ठणठणीत. म्हणूनच कंट्रोलर बदलून फरक पडला नाही. दोन्ही कंट्रोलर त्याच वायरवर जगत होते. मित्राने सात वर्षं बॅकअपला बॅकअप करत विमान बांधलं, दोन पंप, दोन कंट्रोलर, दोन बॅटऱ्या, आणि शेवटी सगळ्यांचा रस्ता एका पुलावरून.

का तुटली: इंजिन रबरी माउंटवर असतं. चालू असताना गुळगुळीत, पण सुरू करताना आणि बंद करताना चांगलं गदागदा हलतं. वायरचं एक टोक इंजिनावर, आणि झिप टायने बांधली होती पायलटच्या पुढच्या पत्र्याच्या भिंतीला. म्हणजे प्रत्येक स्टार्टला ती वायर त्याच जागी वाकत होती.

लेथवाला भोसरी

हरलो. पण एक विचारतो, जोड डाख (सोल्डर) दिलेला होता का नुसता क्रिम्प, म्हणजे टूलने दाबून बसवलेला?

टेकडीवरचा

क्रिम्प करून वर डाख. पक्कं व्हावं म्हणून.

लेथवाला भोसरी

झालं. तिथेच मेलं.

चाकणला गाड्यांचे वायरिंग हार्नेस बनवणाऱ्याकडे आठ वर्षं टूलिंग दिलंय, म्हणून सांगतो. डाख पातळ होऊन तारांच्या मधून वर चढतो, दिव्यातल्या वातीत तेल चढतं तसा. जिथपर्यंत चढला तिथपर्यंत वायर काडीसारखी कडक. जिथे संपला तिथे एकदम मऊ. मग सगळा वाक त्या एका रेषेवर. रोज थोडं थोडं. कनेक्टरपासून पाच-सहा मिलिमीटर म्हणालात ना, डाख तिथेच संपला असणार. हलणाऱ्या जागी चांगल्या टूलने नुसता क्रिम्प करायचा, आणि वायरला पहिला आधार त्याच वस्तूवर द्यायचा जिच्यात कनेक्टर आहे. इंजिनावरचा कनेक्टर तर आधारही इंजिनावर. तिथून पुढे भिंतीपर्यंत सैल झोका.

घरच्या माणसाला वाटतं डाख दिला की मजबूत.

सार्जंट निवृत्त

लेथवाल्यांशी १०० टक्के सहमत. आम्ही शेपटी ओढून बघायचो प्रत्येक वायरची.

टेकडीवाले, आणखी एक. एक्सॉस्ट थंड पडला एवढ्यावर तुम्हाला पेट्रोल येत नाही की ठिणगी पडत नाही, हे हवेत कळलं होतं का? फरक मोठा आहे. ठिणगी गेली आणि पेट्रोल चालूच राहिलं तर ते कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटेल.

टेकडीवरचा

हवेत कळलं नव्हतं. खाली उतरल्यावर विचार करताना लक्षात आलं की मागून एकही फटाका वाजला नाही. रोटरीचा एक्सॉस्ट पिस्टनपेक्षा खूप गरम, आठशे-नऊशे अंश सेल्सिअस सहज. त्यात कच्चं पेट्रोल गेलं असतं तर फाट फाट आवाज आलाच असता. शिवाय प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, लीडिंग आणि ट्रेलिंग, स्वतंत्र कॉइलवर. एक कॉइल गेली तर ताकद थोडी कमी होते, रोटर असा मरत नाही. त्यामुळे संशय पेट्रोलवर जायला हवा होता. पण हे शहाणपण गवतावर बसून. वर मला फक्त उंचीचे आकडे दिसत होते.

त्या प्रसंगानंतर त्याने प्रत्येक रोटरच्या इंजेक्टरला वेगळा फ्यूज, वेगळी वायर आणि वेगळा खटका बसवला. फटाके वाजले तर त्या रोटरचं पेट्रोल तोडता यावं म्हणून.

एक ते चार बंद

बॅटरी, कंट्रोलर, इंजेक्टर, वायर... आमची लुना बरी. मॅग्नेटोवर चालायची, बॅटरीच नाही. तुटायला काही नकोच.

टेकडीवरचा

चेष्टेत बरोबर बोललात. लायकमिंगला अजूनही मॅग्नेटो असतात, दोन. अख्ख्या विमानातली वीज गेली तरी ठिणगी पडत राहते. आमच्या १३बी ची बॅटरी संपली की इंजिन संपलं, पंपही विजेवर आणि इंजेक्टरही. म्हणून अल्टरनेटरचा दिवा लागला तर रोटरीवाल्याला ती इंजिनाचीच भानगड समजावी लागते.

आणि चेतक-लुनाचं नातं अजून एक. अपेक्स सीलला वंगण हवं म्हणून मझदाने एक छोटा पंप दिला होता, तो इंजिनातलं तेल थेंब थेंब आत सोडतो. विमानवाले बरेचजण तो काढून टाकतात आणि टाकीतच टू-स्ट्रोक तेल मिसळतात. लिटरला आठ-दहा मिली, चेतकला घालायचो त्याच्या साधारण निम्मं. मित्राच्या हँगरमध्ये तो वास आला की मला आकुर्डीची सकाळ आठवायची, पहिली पाळी भरतानाची.

अर्धवट ज्ञानी

पाणी गेलं तर? रेडिएटर आहे म्हणजे होस फुटणार. आमच्या गाडीचं घाटात हेड गॅस्केट उडालं होतं, इंजिन जागेवर बसलं.

टेकडीवरचा

चांगला प्रश्न. सुदैवाने स्वतः अनुभवलेला नाही, पण त्या जमातीत याच्यावर रात्र रात्र चर्चा चालते.

१३बी म्हणजे सँडविच आहे. बिडाच्या पाट्या आणि ॲल्युमिनियमची घरं एकाआड एक, लांब बोल्टांनी आवळलेली. दोन धातू वेगवेगळे फुगतात. फार तापलं की मधली पाण्याची रबरी सीलं जातात आणि इंजिन कामातून जातं. पण पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो तसं हे सहसा अचानक अडकत नाही. ताकद कमी होत जाते, वाफ, वास, आणि तरी फिरत राहतं. म्हणून पाणी गेलं तर मित्राचा नियम असा की थ्रॉटल शक्य तितका कमी, जवळची पट्टी, आणि इंजिन वाचवायचा विचार सोडून द्यायचा. ते इंजिन आता भंगार आहे असं समजून वापरायचं. मात्र तेलाचा दाब गेला तर गोष्ट वेगळी. या इंजिनाची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता तेलच बाहेर काढतं, आणि बेअरिंगला त्याच्याशिवाय कोणी नाही. तिथे मिनिटं मोजायची.

एक ते चार बंद

तळपद्यांनी १८९५ सालीच चौपाटीवर विमान उडवलं म्हणे...

टेकडीवरचा

त्यावर वेगळा धागा काढा. इथे नको, हात जोडतो.

अर्धवट ज्ञानी

आपल्याकडे असं घरी बांधता येतं का? आणि हे इंजिन जुन्या बाजारात मिळेल का?

टेकडीवरचा

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी काहीही मिळू शकतं, पण १३बी मी तरी बघितलेलं नाही.

बांधण्याचं म्हणाल तर कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मुंबईत लोकांनी ते पाहिलं, नोंदणी २०१७ ला झाली. विमान गच्चीवर चढवणं सोपं आणि कागद खाली उतरवणं अवघड, असा एकूण प्रकार.

कोरडी भेळ

एक राहिलंच. तुम्ही त्या विमानात परत बसलात का?

टेकडीवरचा

तीन आठवड्यांनी. बायकोला सांगून. पहिल्यांदा थ्रॉटल मागे आला तेव्हा माझा हात आपोआप दरवाजाच्या कडीवर गेला होता, मित्राने बघितलं आणि काही बोलला नाही.

तुटलेली वायर मी मागून घेतली. अमृतांजनच्या रिकाम्या बाटलीत ठेवलीय. रविवारी टेकडीवर आणतो. लेथवाले, तुम्ही भिंग आणा, डाख कुठे संपलाय ते तुमच्याकडूनच बघायचंय.

लेथवाला भोसरी

आणतो. क्रिम्पिंगचं टूलही आणतो, चार जोड करून दाखवीन. सकाळी सातला?

टेकडीवरचा

साडेसहा. सातला ऊन चढतं.

सार्जंट निवृत्त

मीही येतो. मी अजूनही मोठ्या धावपट्टीकडेच गेलो असतो, समोरासमोर बोलू. त्या दिवशी वारा कुठून होता ते आठवून ठेवा, तुम्ही लिहिलेलं नाही.